आरसा लावा, पण आधी रान तोडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एक बातमी वाचली. आमच्याच तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीने सात वळणांवर बहिर्वक्र आरसे बसवले. सोबत फोटोही होता. मधे आरसा, आरशाला झेंडूचा हार, आणि आरशाभोवती अकरा माणसं. सगळे कॅमेऱ्याकडे बघत होते, आरशात कुणीच बघत नव्हतं. मथळा होता 'अपघातांना बसणार आळा'. आळा बसला तर माझ्याइतका आनंद कुणाला होणार नाही. पण मी ३१ वर्षं एसटीच्या स्टिअरिंगवर बसलो, त्यातली निम्म्याहून जास्त आंबा आणि कुंभार्ली या दोन घाटांत गेली. रिटायर झाल्यावरही फाट्यावर उभं राहून गाड्या बघायची खोड गेलेली नाही. म्हणून त्या आरशांबद्दल चार गोष्टी लिहाव्याशा वाटल्या. पत्र लांबलं तर कात्री लावा, फक्त मैलकुलीबद्दल लिहिलंय ते तेवढं ठेवा.

आमच्या वाडीचा फाटाही आरशाचा आहे. तीन वर्षांपूर्वी गणपतीला आलेल्या चाकरमान्यांनी वर्गणी काढून तो बसवला. वाडीतून वर येणारा रस्ता चढाचा. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, म्हणजे बांध, त्यांवर काजू आणि करवंदाची जाळी. फाट्यावर पोचेपर्यंत उजवीकडून काय येतंय ते अजिबात दिसत नाही. बघायचं तर गाडीचं नाक चार फूट मोठ्या रस्त्यावर काढावं लागतं, आणि ज्याचं नाक बाहेर त्याचंच नाक फुटायचं. अशा जागी आरसा वरदान आहे, यात वाद नाही. पहिलं वर्ष मी स्वतः बघितलं. शाळेची व्हॅन आधी फाट्यावर तीनदा पुढे-मागे करायची, ती आता सरळ आरशाखाली उभी राहून, बघून, मग वळायला लागली. दुधाच्या स्कूटरी थांबायला लागल्या. पलीकडच्या घरातल्या म्हाताऱ्या आजींना रस्ता ओलांडायचा तर त्यादेखील आधी मान वर करून आरशात बघायच्या. त्यांना त्यात किती दिसायचं देव जाणे, पण तेवढ्या थांबायच्या तरी.

पण तो आरसा दाखवतो काय, ते आपण नीट समजून घेत नाही. आपल्या घरातला आरसा सपाट. त्याच्यावर विश्वास टाकायची आपल्याला जन्माची सवय. रस्त्यावरचा आरसा फुगीर असतो म्हणून त्यात जास्त रस्ता मावतो, आणि जास्त रस्ता मावतो म्हणून त्यातलं सगळं लहान होतं. एकाच्या बदल्यात दुसरं. गाडीच्या डाव्या आरशावर बारीक अक्षरांत इंग्रजीत लिहिलेलं असतं, की आरशातल्या वस्तू दिसतात त्यापेक्षा जवळ असतात. आमच्या फाट्याच्या आरशावर असलं काही लिहिलेलं नाही. त्याच्या खाली एक मोठी पाटी आहे, तिच्यावर 'सौजन्य' आणि पाच नावं आहेत.

माझी नात नववीत आहे. या वर्षी तिला विज्ञानात गोलीय आरसे आहेत. मे महिन्यात ती माझ्याबरोबर फाट्यावर आली होती. म्हणाली, "आजोबा, एसटीचा ड्रायव्हर डावीकडे बसलाय बघा. अमेरिकेतल्यासारखा." खरंच. आरशात डावं-उजवं उलटतं. त्यामुळे आपल्या बाजूने नियमाने येणारी गाडी चुकीच्या बाजूने येतेय असं वाटतं, पाटीवरचं गावाचं नाव उलटं दिसतं. मुरलेल्या चालकाला त्याचं काही नाही, त्याचा मेंदू ते आपोआप सुलटं करतो. पण चार महिन्यांपूर्वी लायसन काढलेल्या मुलाला त्या एका क्षणात गडबडायला होतं. समोरचा कुठल्या बाजूला आहे, मी कुठल्या बाजूला दाबू, हे ठरवण्यातच त्याचा वेळ जातो.

घरी गेल्यावर तिने वहीत गणित मांडलं. आमचा आरसा ८०० मिलिमीटर व्यासाचा आहे, आणि त्याच्या फुगवट्याची वक्रता त्रिज्या ३ मीटर. म्हणजे नाभीय अंतर त्याच्या निम्मं, दीड मीटर. आरशापासून ३० मीटरवर एसटी आहे असं धरलं. एसटीची रुंदी अडीच मीटर. तर आरशात तिची प्रतिमा किती रुंद? उत्तर आलं १२ सेंटीमीटर. पोस्टकार्डाच्या लांबीहूनही कमी. आता मी आरशापासून १५ मीटर अलीकडे आहे असं धरा. तिथून मला ती एसटी जेवढी दिसेल, तेवढी लहान एसटी उघड्या रस्त्यावर दिसायला ती माझ्यापासून जवळजवळ ३४५ मीटर लांब असावी लागेल. नातीने ते दोनदा तपासलं, मग मीही तपासलं. डोळ्याला वाटतं, गाडी पाव किलोमीटरपेक्षा लांब आहे, आपण आरामात निघू. प्रत्यक्षात तिच्यात आणि माझ्यात रस्ता उरलेला असतो जेमतेम ४५ मीटर.

त्या ४५ मीटरचं काय होतं ते सांगतो, कारण इथेच आरसा कुणाच्या कामाचा आणि कुणाच्या नाही याचा निकाल लागतो. इंडियन रोड्स काँग्रेसने घाटरस्त्यांसाठी गाडी थांबायला लागणारं अंतर ठरवून दिलंय. ताशी २० किलोमीटरला २० मीटर, ३० ला ३०, ४० ला ४५. त्यात चालकाला दिसून, उमजून, ब्रेकवर पाय जाईपर्यंतचे अडीच सेकंद धरलेले आहेत. अरुंद रस्त्यावर दोघांनाही थांबायचं असतं, म्हणून अंतर दुप्पट लागतं. दोघं २० ने येत असतील तर ४० मीटरमध्ये दोघं थांबले, पाच मीटर उरले, काच खाली करून दोन शब्द बोलून वाट काढता येते. दोघं ३० ने असतील तर ६० मीटर लागणार. आणि दोघं ४० ने असतील तर ९० लागणार, आहेत ४५. सेकंदाला बावीस मीटर रस्ता दोघं मिळून खातात, म्हणजे दोन सेकंदांत भेट. ब्रेकवर पायसुद्धा पोचलेला नसतो.

म्हणजे ज्याने वळणाआधीच गाडी २० वर आणली आहे त्यालाच आरसा उपयोगी. जो ४० ने येतो त्याला आरसा फक्त धडक कुणाशी होणार आहे ते दाखवतो. आणि गंमत अशी, की आरसा बसल्यावर पहिल्या वर्षी थांबणारी हीच पोरं दुसऱ्या वर्षी न थांबता वळायला लागली. आधी दिसत नाही म्हणून पहिल्या गियरवर यायची. आता आरशात बघतात, मोकळं दिसलं की दुसऱ्या गियरवरच घुसवतात. मी एकाला अडवून विचारलं. म्हणाला, "काका, आरशात काहीच नव्हतं." मी त्याला म्हटलं, अरे, आरशात गाडी दिसली तर थांब, एवढंच तो सांगतो. दिसली नाही तर रस्ता मोकळा आहे, असं तो कधीच म्हणाला नाही. ते तू स्वतःच म्हणालास. मुलगा हसला आणि गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच वळला.

घाटाचं सांगायचं तर तिथे मी आरशाचा ऋणी आहे. एकदा कोल्हापूरहून परतताना आंब्याहून खाली साखरप्याकडे उतरत होतो. पावसाळा संपत आलेला, धुकं विरलेलं, गाडीत पन्नासेक पॅसेंजर. एका अरुंद वळणावर खालच्या बाजूला आरसा होता. त्यात मला खालून येणारा ट्रक दिसला, मातीने भरलेला, वळणात निम्मा घुसलेला. नियम काय? घाटात चढणारी गाडी पहिली. उतरणाऱ्याने बाजूला थांबून तिला वाट द्यायची, कारण भरलेली गाडी चढावर थांबली की पुन्हा उठवताना मागे सरकते. मी वळणाच्या वरच थांबलो. आरसा नसता तर मी वळणात घुसलो असतो. एसटीला असल्या वळणात सगळा रस्ता लागतो, मग समोरासमोर तोंड, मग रिव्हर्स. कंडक्टर खाली उतरून शिट्टी मारणार, मागे दरी, आणि पन्नास जण एकाच वेळी "अहो ड्रायव्हर, जरा जपून" म्हणणार. ज्याने पॅसेंजर भरलेली गाडी घाटात कधी मागे घेतली आहे त्याला त्या आरशाची किंमत विचारा.

पण घाटातही आरसा कुठे लावायचा याला अक्कल लागते, आणि ती कंत्राटदाराला असेलच असं नाही. घाटात वळणं दोन जातींची. एक सोंडेचं वळण, डोंगराचं नाक बाहेर आलंय आणि रस्ता त्याला वळसा घालून जातो. इथे डोंगर आतल्या बाजूला असतो, तोच डोळ्यासमोर येतो, पलीकडचं काही दिसत नाही. आरसा इथे हवा, दरीच्या बाजूला, कठड्याच्या वर. दुसरं घळीचं वळण, जिथे रस्ता डोंगरात आत शिरतो, पऱ्ह्यावरची, म्हणजे ओढ्यावरची, मोरी ओलांडतो आणि पलीकडून बाहेर येतो. इथे आतल्या बाजूला दरी असते, मोकळी. समोरून येणारी गाडी दरीपलीकडून आधीच दिसते, आरसा लावलाच तर डोंगराला टेकवावा लागतो आणि तो काहीच नवीन दाखवत नाही. मी एका घाटात घळीच्या वळणावर दोन नवे आरसे आणि त्याच्या पुढच्या सोंडेवर एकही नाही, असं बघितलंय. कारण विचारलं तर कळलं, सोंडेला खांब रोवायला कठडा फोडावा लागला असता.

रात्री आरसा तसा कमी लागतो, हे कुणाला सांगितलं तर पटत नाही. रात्री समोरच्या गाडीचा झोत आधीच वळणाच्या कडेला, झाडांवर, डोंगरावर पडतो आणि गाडी यायच्या आधी तिची वर्दी येते. आम्ही घाटात डिपर मारायचो ते त्यासाठीच. उलट रात्री आरशात समोरच्याचा फुल लाइट सरळ डोळ्यांत येतो आणि दोन क्षण आंधळं व्हायला होतं. माझे जावई इंग्लंडात असतात. ते सांगतात, तिकडच्या बऱ्याच कौन्सिली सार्वजनिक रस्त्यावर असले आरसे लावायला फारशा राजी नसतात. झोत उलटून येतो, अंतराचा आणि वेगाचा अंदाज चुकतो, ही कारणं देतात. जपानात मात्र नारिंगी खांबांवर असे आरसे गल्लोगल्ली आहेत. तिकडे गल्ल्या अरुंद आणि गाड्या हळू, म्हणून चालत असावं. आपल्याकडे गल्ल्या तेवढ्याच अरुंद, गाड्यांचं मात्र बोलायला नको. एक बरं झालंय. १ एप्रिल २०१७ पासून ज्या नव्या दुचाकी आल्या त्यांचा दिवा इंजिन सुरू झालं की आपोआप पेटतो. दिवसाही आरशात तो ठिपका चमकतो. जुनी मोटारसायकल मात्र आरशात काजूच्या बीएवढी दिसते, बघणाऱ्याचं लक्ष असेल तर.

आणि हॉर्न. पूर्वी घाटाच्या प्रत्येक आंधळ्या वळणाआधी 'हॉर्न वाजवा' अशी पाटी असायची, आणि चालक वाजवायचाही. दोन छोटे, एक लांब, आणि समोरून उत्तर आलं की आमचं बोलणं झालं. आता आरसा आहे म्हणून हॉर्न वाजत नाही. वाजला तरी समोरच्याच्या काचा बंद, एसी चालू, गाणी लावलेली. दोन्हींपैकी एकावर भरवसा टाकायचा तर मी अजूनही हॉर्नवर टाकीन. हॉर्न धुक्यातही ऐकू जातो, तो पुसावा लागत नाही.

पुसण्यावरून मूळ दुखणं आठवलं. आरसा बसवणं ही एका दिवसाची गोष्ट, हार घालण्याची. तो दिसता ठेवणं ही बारा महिन्यांची गोष्ट. आमच्या आरशाचं काय झालं ते सांगतो. पहिल्या पावसात त्याच्यावर हिरवं शेवाळ चढलं. कोकणच्या पावसात काय हिरवं होत नाही? गडगे होतात, खांब होतात, माणसंही व्हायला आली. ऑक्टोबरच्या उन्हात ते वाळलं आणि पापुद्रे धरले. थंडीत पहाटे सहा ते आठ, म्हणजे दुधाच्या आणि शाळेच्या गाड्यांच्या वेळेला, आरशावर दव. मग माकडं. आमच्याकडे माकडांचा उच्छाद किती आहे ते काजूवाल्यांना विचारा. आरशात आपल्यासारखंच कुणीतरी बघतंय हे त्यांना सहन होत नाही. आधी दात दाखवतात, मग हात मारतात. माकड नसेल तेव्हा एक बुलबुल येतो आणि आपल्याच प्रतिमेला चोच मारत राहतो. त्याने आरशाचा खालचा भाग पांढरा करून ठेवलाय, म्हणजे ज्या भागात जवळची गाडी दिसते नेमका तोच.

त्यात मागच्या वर्षी खांबाला एक फ्लेक्स बांधला गेला, कुणाच्यातरी वाढदिवसाचा. आरशाचा खालचा तिसरा हिस्सा झाकला. वाढदिवस होऊन पंधरा दिवस झाले तरी तो तसाच. आणि या पावसाळ्यात खांबाखालची माती वाहून गेली, पहिल्याच वाऱ्याने खांब मागे कलला. आता आरशात आभाळ दिसतं आणि शेजारच्या नारळाची शेंडी.

याच आरशाखाली माझा पुतण्या पडला. जानेवारीतली पहाट होती, स्कूटरवर दुधाच्या दोन किटल्या. आरशात बघितलं, त्याला काहीच दिसलं नाही. दवाने सगळं पांढरं झालं होतं, आणि पांढरं म्हणजे मोकळं असं त्याने धरलं. वळला तर उजवीकडून चिरे भरलेला छोटा हत्ती टेम्पो. त्या चालकाचे उपकार, त्याने गाडी गडग्याला घासून थांबवली. पुतण्याने पुढचा ब्रेक दाबला, लाल खडीवरून स्कूटर आडवी झाली, गुडघा सोलला, दुधाचा ओढा उताराने वाडीत गेला. मी पोचलो तेव्हा तो रस्त्यावर बसून आरशाकडे बोट दाखवत होता, जणू आरशानेच त्याला पाडलं. त्याला मी काही बोललो नाही. त्या वेळी बोलण्यात अर्थ नव्हता. चिरेवाल्याला चहा पाजला.

संध्याकाळी मी त्या जागी उभा राहून बघत होतो, की दोघांना एकमेकं का दिसले नाहीत. आरसा बाजूला ठेवा. फाट्याच्या उजवीकडे गडग्यावरून रस्त्यावर आलेली करवंदाची जाळी, तिच्यातून वर आलेली रानमोडी, आणि तिच्यावर चढलेले वेल. ते तोडलं असतं तर चाळीस-पन्नास पावलं रस्ता उघड्या डोळ्यांनी दिसला असता. आरसा लावायची वेळच आली नसती, किंवा आली असती तरी तो दुसरा साक्षीदार झाला असता, एकमेव नव्हे.

पूर्वी हे काम मैलकुली करायचे. नव्या वाचकांना हा शब्द माहीत नसेल. सार्वजनिक बांधकाम खात्याचा रोजंदारीवरून कायम झालेला माणूस, ज्याच्याकडे रस्त्याचा ठराविक तुकडा असायचा. हातात कोयता, घमेलं, फावडं. गटारं मोकळी करायची, खड्ड्यात खडी टाकायची, साइडपट्टी भरायची, आणि वळणातलं रान तोडायचं. मी नवा असताना आमच्या रस्त्यावर एक मैलकुली होता, त्याला सगळे चालक ओळखायचे. तो गाडी थांबवून सांगायचा, "पुढं दरड आली हाय, डावीकडून काढा." किंवा "पुलाखाली पाणी चढतंय, संध्याकाळची फेरी बघून घ्या." तो आमचा आरसा होता, आणि तो बोलायचा. मैलकुली निवृत्त होत गेले, त्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत, वळणातलं रान वाढत गेलं. आणि मग त्या वाढलेल्या रानासमोर आपण आरसे लावले आणि आरशांना हार घातले. रान तसंच ठेवून आरसा लावणं म्हणजे मोतीबिंदू तसाच ठेवून चष्म्याचा नंबर वाढवणं. माझ्या डॉक्टरने मला हे सांगितलं होतं, डोळ्यांबद्दल.

म्हणून बातमीतल्या ग्रामपंचायतीला आणि खात्याला माझं सांगणं असं. सातही वळणांवर आधी कोयता चालवा. ऑक्टोबर आणि मे, वर्षातून दोनदा. तोडल्यावर चालकाच्या डोळ्याच्या उंचीवर बसून बघा. ती उंची रस्त्याचे इंजिनिअर १.२ मीटर धरतात, म्हणजे आपण रस्त्यावर गुडघे टेकून ताठ राहिलो की साधारण येते. तिथून समोरचा रस्ता दिसत असेल तर आरसा दुसऱ्या वळणाला द्या. नसेल दिसत तर जरूर लावा, पण एसटी आणि ट्रकचे चालक उंचावर बसतात, म्हणून एकदा एसटी थांबवून चालकाला विचारा, तुला काय दिसतं. तो दोन मिनिटं थांबेल, मी सांगतो तुम्हाला. आरशाच्या खाली 'सौजन्य' लिहायचं असेल तर त्याऐवजी 'वेग २०' लिहा, मोठ्या अक्षरात. आरसा पुसायला आठवड्यातून एकदा एक माणूस हवा, त्याला मानधन द्या आणि त्याचं नाव ग्रामसभेत वाचून दाखवा. थंडीत रोज सकाळी सहाच्या आत पुसा. आणि खांबावर फ्लेक्स बांधणाऱ्याला दंड करा, वाढदिवस कुणाचाही असो.

आमच्या फाट्याचं म्हणाल तर मी वाट बघत बसलो नाही. परवा कोयता घेऊन गेलो, बरोबर पुतण्या होता, गुडघ्यावर अजून वण. दुपारपर्यंत जाळी साफ केली. करवंदाच्या काट्यांनी दोघांचे हात ओरबाडले, आणि मधमाश्यांचं एक लहानसं पोळं निघालं ते तसंच सोडलं. मग मी फाट्यावर गुडघे टेकून ताठ राहिलो आणि पुतण्याला उजवीकडे चालत जायला सांगितलं. पावलं मोजत गेला. साठाव्या पावलाला तो वळणाआड गेला. तोपर्यंत मला तो डोळ्यांनी दिसत होता, सरळ, पूर्ण उंचीचा, उजवा हात उजवीकडेच.

आरसा मात्र सरळ करता आला नाही. खांबाचा बोल्ट गंजलाय, १९ नंबरचा पाना लागतो आणि माझ्याकडे १७ पर्यंतचेच आहेत. ग्रामपंचायतीत मागितला आहे. पाना मिळाल्यावर आरसा सरळ करतो आणि सौजन्याची पाटी उतरवून ठेवतो. ज्यांची नावं त्यावर आहेत त्यांनी गणपतीला आल्यावर घरून घेऊन जावी.

आपला,
एक निवृत्त एसटी चालक,
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी